प्लेटलेटची गोळी : आकडा वाढला, जोखीम कुठे गेली?

पावसाळा ओसरू लागला की मुंबई-पुण्यापासून नागपूर-नाशिकपर्यंतच्या रुग्णालयांत एकाच शब्दाची धास्ती पसरते. 'प्लेटलेट किती?' हा प्रश्न तापाच्या रुग्णाची विचारपूस करणारा प्रत्येक जण विचारतो. रक्तपेढ्यांपुढे नातेवाइकांची धावपळ सुरू होते, किवीच्या फळांना भाव येतो आणि पपईच्या पानांच्या रसाची पाकिटे औषधांच्या दुकानांत दर्शनी भागात मांडली जातात. डेंग्यूच्या साथीने शहरी समाजाला प्लेटलेट मोजायला शिकवले. मात्र त्या आकड्याचा अर्थ लावायला शिकवले नाही. या अर्धवट शिक्षणाची किंमत आता आणखी एका क्षेत्रात मोजावी लागण्याची शक्यता आहे.

डेंग्यूशी काहीही संबंध नसताना ज्यांच्या प्लेटलेट महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे कमी राहतात, अशा रुग्णांसाठी एल्ट्रोम्बोपॅग नावाची गोळी उपलब्ध आहे. दीर्घकाळ ही गोळी परदेशी कंपनीची मक्तेदारी होती आणि तिची किंमत मध्यमवर्गीय कुटुंबालाही न पेलणारी होती. तिच्या पेटंटवरून नोव्हार्टिस आणि नॅटको या कंपन्यांमध्ये झालेला वाद दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला होता. आता पेटंटचा अडसर दूर झाला असून अनेक देशी कंपन्या ही गोळी बनवत आहेत. रुग्णांच्या दृष्टीने ही निःसंशय दिलासा देणारी गोष्ट आहे. परंतु औषध स्वस्त झाले म्हणजे त्याच्या दुष्परिणामांवर नजर ठेवण्याची व्यवस्थाही आपोआप उभी राहते, असे नाही. पूर्वी महागडेपणामुळेच जे औषध मोजक्या रक्तविकारतज्ज्ञांच्या हाती राहिले, ते आता अधिक व्यापक प्रमाणावर लिहून दिले जाऊ शकते. त्यामुळे त्याच्या धोक्यांची चर्चा आजच होणे गरजेचे आहे.

प्लेटलेट, म्हणजेच रक्तबिंबिका, अस्थिमज्जेतील मोठ्या पेशींपासून तयार होतात आणि साधारणपणे सात ते दहा दिवस जगतात. रक्तवाहिनीला इजा झाली की त्या ठिकाणी गोळा होऊन रक्तस्राव थांबवणे हे त्यांचे काम. निरोगी व्यक्तीच्या रक्तात दर मायक्रोलिटरमागे दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. 'इम्यून थ्रोम्बोसायटोपेनिया', म्हणजे आयटीपी, या विकारात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या प्लेटलेटवर उलटते. प्रतिपिंडे चिकटलेल्या प्लेटलेट प्रामुख्याने प्लीहेत नष्ट होतात. अंगावर लाल ठिपके उमटणे, किरकोळ धक्क्यानेही काळेनिळे डाग पडणे, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणे, स्त्रियांमध्ये मासिक पाळीच्या वेळी अतिरिक्त रक्तस्राव होणे, ही त्याची लक्षणे. क्वचित प्रसंगी मेंदूत रक्तस्राव होऊन जीवही जातो. या क्वचित घडणाऱ्या प्रसंगाची भीती हीच या आजाराच्या सगळ्या उपचारांमागची प्रेरणा आहे.

आजाराचे हे स्वरूप उघड होण्यामागे एका डॉक्टरचे विलक्षण धाडस होते. अमेरिकेतील सेंट लुईस येथे विल्यम हॅरिंग्टन यांनी आयटीपीच्या रुग्णाचे रक्त स्वतःला टोचून घेतले. काही तासांतच त्यांच्या प्लेटलेट कमालीच्या घसरल्या आणि ते स्वतः गंभीर आजारी पडले. १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनी दाखवून दिले, की प्लेटलेट नष्ट करणारा घटक रुग्णाच्या रक्तातच असतो. त्याआधी, १९१६ साली, प्रागमधील पॉल काझ्नेलसन या वैद्यकीय विद्यार्थ्याच्या सूचनेवरून प्लीहा काढून टाकण्याची शस्त्रक्रिया करण्यात आली होती आणि ती यशस्वी ठरली होती. पुढे स्टेरॉइड आली आणि अनेक दशके हेच दोन उपाय प्रमुख राहिले.

स्टेरॉइडने प्लेटलेट लवकर वाढतात, गोळ्या स्वस्त आहेत आणि सर्वत्र मिळतात. म्हणूनच आजही पहिला उपचार तोच असतो. पण महिनोन् महिने स्टेरॉइड घेतल्यास रक्तातील साखर व रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात, डोळ्यांत मोतीबिंदू होऊ शकतो, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, चेहरा सुजतो, झोप उडते आणि स्वभावही चिडचिडा होतो. अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजीच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये प्रौढांना स्टेरॉइडचा कोर्स सहा आठवड्यांहून अधिक लांबवू नये, असे स्पष्टपणे सांगितले आहे. त्याच सूचनांमध्ये आणखी एक महत्त्वाची गोष्ट आहे. नव्याने निदान झालेल्या प्रौढ रुग्णाच्या प्लेटलेट तीस हजार किंवा त्याहून अधिक असतील आणि रक्तस्राव नसेल अथवा अगदी किरकोळ असेल, तर औषध न देता लक्ष ठेवावे, असा त्यांचा कल आहे. मुलांच्या बाबतीत तर रक्तस्राव नसेल किंवा सौम्य असेल तर निरीक्षण हाच मार्ग सुचवण्यात आला आहे, कारण बहुसंख्य मुले काही महिन्यांत आपसूक बरी होतात. दीड लाखाच्या आकड्याशी मन जखडलेल्या पालकांना हे पटवून देणे डॉक्टरांना किती अवघड जात असेल, याची कल्पना करता येते.

स्टेरॉइड आणि शस्त्रक्रिया या दोहोंच्या मर्यादा लक्षात घेऊन संशोधकांनी वेगळा मार्ग शोधला. प्लेटलेटचा नाश थांबवता येत नसेल, तर त्यांचे उत्पादन वाढवावे, असा हा विचार. अस्थिमज्जेला प्लेटलेट बनवण्याचा आदेश देणारे 'थ्रोम्बोपोएटिन' हे संप्रेरक १९९४ साली हाती लागले. त्यावर आधारित पहिल्या इंजेक्शनांची सुरुवात उत्साहवर्धक होती. पण लवकरच अनपेक्षित संकट उद्भवले. काही निरोगी स्वयंसेवकांच्या शरीरात या औषधाविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली आणि ती त्यांच्या स्वतःच्या नैसर्गिक संप्रेरकावरही तुटून पडली. प्लेटलेट वाढवण्यासाठी दिलेल्या औषधामुळे धडधाकट माणसांच्या प्लेटलेट कमी झाल्या. १९९८ साली या औषधाचे काम थांबवावे लागले.

या अपयशातून धडा घेऊन नैसर्गिक संप्रेरकाशी रचनेने साम्य नसलेली, पण त्याचेच काम करणारी औषधे तयार करण्यात आली. २००८ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा दोन औषधांना मान्यता दिली. आठवड्यातून एकदा त्वचेखाली टोचायचे रोमिप्लोस्टिम ऑगस्टमध्ये आले, तर रोज घ्यायची एल्ट्रोम्बोपॅगची गोळी नोव्हेंबरमध्ये. लक्षात घेण्याजोगी बाब अशी, की या मान्यतेबरोबर कडक अटी होत्या. औषध लिहून देणारा डॉक्टर, ते देणारे औषधालय आणि ते घेणारा रुग्ण या तिघांचीही नोंदणी बंधनकारक होती. पुरेसा अनुभव जमा झाल्यावर, डिसेंबर २०११मध्ये, वितरणावरील ही बंधने उठवण्यात आली. म्हणजे तेथे आधी पहारा बसवला गेला आणि अनुभवाच्या आधारे तो सैल करण्यात आला.

पहारा बसवण्याची कारणे सबळ होती. एल्ट्रोम्बोपॅगच्या माहितीपत्रकात सर्वांत ठळक चौकटीत दिलेला इशारा यकृताविषयी आहे. या गोळीमुळे यकृताला गंभीर, प्रसंगी जिवावर बेतणारी इजा होऊ शकते. ही इजा सुरुवातीला रुग्णाला जाणवत नाही. ती केवळ रक्ततपासणीत दिसते. म्हणूनच गोळी सुरू करण्यापूर्वी, मात्रा निश्चित होईपर्यंत दर दोन आठवड्यांनी आणि त्यानंतर दरमहा यकृताची तपासणी करावी, असे त्यात म्हटले आहे. हिपॅटायटिस सी असलेल्या आणि इंटरफेरॉनचा उपचार घेणाऱ्या रुग्णांत यकृत निकामी होण्याचा धोका अधिक आढळला. यात आणखी एक गुंतागुंत आहे. हे औषध रंगाने गडद असल्यामुळे बिलिरुबिनच्या तपासणीत ते गोंधळ निर्माण करू शकते. कावीळ आहे की नाही हे केवळ अहवालावरून ठरवता येत नाही; रुग्णाला प्रत्यक्ष पाहणारा डॉक्टर लागतो.

दुसरा धोका बरोबर उलट दिशेचा आहे. रक्त वाहू नये म्हणून दिलेल्या औषधाने रक्त गोठू शकते. पायांच्या किंवा फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांत गुठळी होणे, यकृताकडे जाणारी शीर बंद होणे, असे प्रकार नोंदवले गेले आहेत. यकृताच्या जुनाट आजाराच्या रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी ही गोळी देऊन पाहणारी एक चाचणी अशा गुठळ्यांमुळेच मुदतीपूर्वी थांबवावी लागली. तिचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. या पार्श्वभूमीवर उपचाराचे उद्दिष्ट काय, हे समजून घेणे महत्त्वाचे ठरते. हे उद्दिष्ट दीड लाख नसून पन्नास हजार आहे. रक्तस्रावाचा धोका टळेल इतक्या प्लेटलेट पुरेशा आहेत, असे औषधाच्या सूचनाच सांगतात. आकडा दोन लाखांच्या पुढे गेला तर मात्रा कमी करायची आणि चार लाखांच्या पुढे गेला तर औषध तात्पुरते थांबवायचे. प्रयोगशाळेच्या अहवालावर मात्र पन्नास हजारांच्या आकड्यापुढे 'कमी' अशी खूण असते. ती खूण पाहून बेचैन झालेला रुग्ण जास्त मात्रेचा आग्रह धरतो, तेव्हा तो नकळत गुठळीचा धोका मागून घेत असतो.

तिसरा प्रश्न थेट स्वयंपाकघराशी निगडित आहे. एल्ट्रोम्बोपॅगचा रेणू कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, जस्त अशा धातूंना घट्ट बांधला जातो आणि मग तो पोटातून रक्तात शोषला जात नाही. दुग्धजन्य पदार्थ असलेल्या न्याहारीबरोबर गोळी घेतल्यास रक्तातील औषधाचे प्रमाण सुमारे ५९ टक्क्यांनी, तर आम्लपित्तनाशकाबरोबर घेतल्यास सुमारे ७० टक्क्यांनी घटते, असे अभ्यासांत आढळले आहे. म्हणून अशा पदार्थांच्या किमान दोन तास आधी किंवा चार तासांनंतर गोळी घ्यावी, असा नियम आहे. मराठी घरातील दिनक्रम पाहिला, तर हा नियम पाळणे किती कठीण आहे हे ध्यानात येते. सकाळची गोळी दुधाच्या चहाबरोबर घेण्याची सवय सार्वत्रिक आहे. दुपारच्या जेवणात दही किंवा ताक असते, नाचणीसारख्या धान्यात भरपूर कॅल्शियम असते आणि ॲसिडिटीची गोळी तर अनेक जण स्वतःच्या मनानेच घेतात. आयटीपीने ग्रस्त तरुण वयातील रुग्णांत स्त्रियांचे प्रमाण अधिक असते. त्यांना रक्तस्रावामुळे लोहाच्या आणि पुढे कॅल्शियमच्या गोळ्या सर्रास दिल्या जातात. या सर्वांच्या वेळा सांभाळल्या नाहीत, तर औषध निष्प्रभ ठरते. मग डॉक्टर मात्रा वाढवतात. आणि पुढे कधी रुग्णाने योग्य वेळ पाळायला सुरुवात केली, की तीच वाढीव मात्रा पूर्ण ताकदीने शरीरात पोहोचून प्लेटलेट अवास्तव वाढवू शकते. चहाच्या एका कपावरून उपचाराचे गणित असे पार चुकू शकते.

चौथा धोका औषध बंद करण्याचा आहे. गोळी सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत प्लेटलेट वाढतात आणि थांबवल्यावर तितक्याच अवधीत त्या उतरतात. काही रुग्णांत तर त्या उपचारापूर्वीच्या पातळीच्याही खाली जातात. म्हणून औषध थांबवल्यानंतर किमान चार आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावे लागते. आपल्याकडे औषध बंद होण्यामागे डॉक्टरांच्या सल्ल्यापेक्षा महिनाअखेरची पैशांची चणचण, गावाला जाणे किंवा दुकानातील तुटवडा ही कारणे असू शकतात. अशा वेळी पाठोपाठची तपासणी होण्याची शक्यताही कमीच.

याखेरीज मोतीबिंदूसाठी डोळ्यांची तपासणी आवश्यक असते. ज्यांनी आधी दीर्घकाळ स्टेरॉइड घेतले आहे, त्यांच्या बाबतीत ती अधिकच महत्त्वाची. कोलेस्टेरॉलसाठी रोसुव्हास्टॅटिन घेणाऱ्यांच्या रक्तात या गोळीमुळे त्या औषधाचे प्रमाण वाढते. त्याची मात्रा कमी करावी लागते. औषध चालू असताना गर्भधारणा टाळावी आणि बाळाला अंगावर पाजू नये, असा सल्ला आहे. रोमिप्लोस्टिमबाबतही गुठळीचा आणि औषध थांबवल्यानंतरच्या घसरणीचा इशारा आहेच. शिवाय अस्थिमज्जेच्या मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम या विकारात ते वापरू नये, असे बजावण्यात आले आहे. ॲव्हाट्रोम्बोपॅग हे नंतर आलेले औषध जेवणाबरोबर घेता येते आणि त्याला दुधाची आडकाठी नाही. अमेरिकेत २०१९ साली आयटीपीसाठी त्याला मान्यता मिळाली. परंतु गुठळीची जोखीम त्यालाही चुकलेली नाही.

हे सर्व वाचून कोणी गोळी बंद करण्याचा निर्णय घेतला, तर तो आत्मघातकी ठरेल. स्टेरॉइडने भागत नाही आणि प्लीहा काढण्याची तयारी नाही, अशा असंख्य रुग्णांना या औषधांनी सर्वसाधारण आयुष्य परत मिळवून दिले आहे. तीव्र ॲप्लास्टिक ॲनिमियासारख्या दुर्धर विकारातही एल्ट्रोम्बोपॅगचा उपयोग होतो आणि २०१४ साली त्यासाठी मान्यता मिळाली. वर सांगितलेले बहुतेक धोके वेळीच लक्षात आले तर मात्रा कमी करून किंवा औषध बदलून टाळता येतात. दुष्परिणाम वेळेवर न दिसणे, ही खरी आपत्ती आहे.

चिंता वाढते ती औषध त्याच्या मूळ कारणाबाहेर वापरले जाते तेव्हा. डेंग्यूच्या साथीत प्लेटलेट वाढवणाऱ्या गोळीचा मोह होणे स्वाभाविक आहे. बांगलादेशातील एका छोट्या चाचणीत एल्ट्रोम्बोपॅगमुळे डेंग्यूच्या रुग्णांच्या प्लेटलेट लवकर सावरल्याचे दिसले; ती २०२० साली प्रसिद्ध झाली. तथापि आकडा लवकर सावरणे आणि रुग्ण दगावण्याचे टळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. डेंग्यूत मोठा धोका रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरून रक्तदाब कोसळण्याचा असतो आणि प्लेटलेट बहुतेक रुग्णांत काही दिवसांत स्वतःहून वाढू लागतात. सिंगापूर व मलेशियातील रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्लेटलेट वीस हजार किंवा त्याहून कमी असलेल्यांना प्रतिबंधक उपाय म्हणून प्लेटलेट चढवल्यानेही रक्तस्राव टळत नाही आणि विपरीत परिणाम मात्र वाढतात, असेच आढळले. डेंग्यूसाठी एल्ट्रोम्बोपॅगला अमेरिकी किंवा युरोपीय नियामकांची मान्यता नाही. डेंग्यूत आधीच सुजलेल्या यकृतावर यकृताला इजा करू शकणारी गोळी देण्यापूर्वी याचा विचार व्हायला हवा.

कधी कधी तर आकडाच खोटा असतो. तपासणीच्या नळीतील रसायनामुळे प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि यंत्र त्यांची संख्या कमी दाखवते. पूर्व भारतातील काही लोकांच्या प्लेटलेट जन्मतःच आकाराने मोठ्या आणि संख्येने कमी असतात. त्यांना रक्तस्रावाचा त्रास नसतो आणि उपचारांचीही गरज नसते. अशा व्यक्तीला आयटीपीचा रुग्ण ठरवून औषध सुरू केले, तर वाट्याला केवळ दुष्परिणामच येणार. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, हा त्यावरचा जुना आणि स्वस्त उपाय आहे.

आपल्याकडील व्यवस्थेचे चित्र काय आहे? देशात २०१० साली औषधदक्षता कार्यक्रम सुरू झाला आणि २०११पासून त्याचे राष्ट्रीय केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. वैद्यकीय महाविद्यालयांतून त्याची नोंदणी केंद्रे चालतात. औषधाच्या दुष्परिणामाची तक्रार डॉक्टरच नव्हे, तर रुग्णही करू शकतो. त्यासाठीचा अर्ज मराठीतही उपलब्ध आहे आणि १८००-१८०-३०२४ ही निःशुल्क दूरध्वनी सेवाही आहे. मात्र किती रुग्णांना हे ठाऊक आहे? औषधाच्या डब्यातील माहितीपत्रक बारीक इंग्रजी टायपात छापलेले असते. दुकानदार पट्टी कापून दहा गोळ्या देतो, तेव्हा ते पत्रकही रुग्णापर्यंत पोहोचत नाही. दुधाचा नियम, यकृताची तपासणी, औषध अचानक बंद न करण्याची सूचना हे सारे त्या न वाचलेल्या कागदावरच राहते.

यावर फार खर्चिक उपाय लागत नाहीत. अशा औषधाबरोबर मराठीतील एका पानाचे सूचनापत्र सक्तीचे करता येईल. चिठ्ठीवर गोळीच्या वेळेबरोबरच पुढील तपासणीची तारीख लिहिता येईल. गोळीची किंमत उतरल्याने वाचलेल्या पैशांतून दरमहा यकृताची तपासणी सहज परवडू शकते. ती गोळीइतकीच उपचाराचा भाग आहे, हे रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगावे लागेल. सरकारी रुग्णालयांत हे औषध उपलब्ध करून देताना तपासण्यांची तरतूदही त्याच योजनेत धरावी लागेल. अमेरिकेने तीन वर्षे पहारा ठेवून मग तो सैल केला. आपण पहाऱ्याविनाच दार उघडले आहे. निदान आत येणाऱ्याची नोंद ठेवण्याचे भान तरी दाखवायला हवे.

प्लेटलेटचा अहवाल हातात पडल्यावर नजर आकड्याकडे जाणारच. पण रक्तस्राव होतो आहे का, यकृत शाबूत आहे का, पायाला सूज आहे का, गोळी चहाबरोबर घेतली जाते का, हे प्रश्न कोणत्याही अहवालावर छापलेले नसतात. ते विचारणारा डॉक्टर आणि त्यांची खरी उत्तरे देणारा रुग्ण यांची गाठ पडली, तरच स्वस्त झालेल्या औषधाचा खरा लाभ पदरात पडेल.